निम्म्या डब्यांखाली मोटर



मी चेन्नईहून बोलतोय. तुमच्यापैकी कुणी पुण्यात असेल, कुणी इंदूरला, कुणी बेळगावला, कुणी बडोद्याला. मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये कामाला सुरुवात केली आणि २००१ साली चेन्नईला आलो, तो इथलाच झालो. तमिळ अजूनही तोडकीमोडकी बोलतो. पण कारखान्यात सगळे मला समजून घेतात, आणि आजचा विषय खरं तर इथूनच सुरू होतो. कोण कुणाला समजून घेतं, आणि ते कधी.

आयोजकांनी विषय कळवला : नेतृत्वासाठी कोचिंग आणि सहकार्य. मी घरी सांगितलं, 'कोच या विषयावर बोलायचंय.' बायको म्हणाली, 'मग सोपं आहे. तुमच्या रोजच्या वाटेवरच तर कोच बनवायचा कारखाना आहे.'

ती चेष्टा करत होती. मी रोज पेरंबूरहून अंबत्तूरला लोकलने जायचो. त्या वाटेवर इंटिग्रल कोच फॅक्टरी लागते. रेल्वेच्या डब्यांचा कारखाना. पण मला वाटलं, चेष्टेत बरंच खरं आहे. कारण 'कोच' हा शब्द मुळात गाडीचाच आहे. हंगेरीत, बुडापेस्टहून व्हिएन्नाकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, कोच नावाचं एक गाव आहे. तिथले कारागीर चांगल्या घोडागाड्या बनवायचे. गावाचं नाव गाडीला पडलं आणि ते युरोपभर पसरलं. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले विद्यार्थी खासगी शिकवणाऱ्याला गमतीने 'कोच' म्हणू लागले. का? तर तो आपल्याला परीक्षेच्या पलीकडे नेऊन सोडतो म्हणून. तिथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला आणि आता आपल्या ऑफिसात आला.

म्हणजे कोच कोण? जो दुसऱ्याला त्याच्या मुक्कामी पोचवतो तो. गाडीचा स्वतःचा मुक्काम नसतो, मुक्काम प्रवाशाचा असतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता माझी गोष्ट सांगतो. ही फुशारकीची गोष्ट नाही.

२०११ साल. अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. मी तिथला उत्पादन विभागाचा प्रमुख. माझी ख्याती अशी होती, की कुठलीही अडचण घेऊन या, माणूस दहा सेकंदांत उत्तर देतो. मालक खूश. मीही खूश. मोबाइल सतत वाजायचा आणि मला वाटायचं, बघा, माझ्यावाचून पान हलत नाही.

आमच्याकडे एक ज्येष्ठ ऑपरेटर होते. एकाच प्रकारच्या मशीनवर वीस-बावीस वर्षं काढलेला माणूस. सगळे त्यांना 'अण्णा' म्हणायचे. तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आपल्याकडे म्हणतात तसंच. एके दिवशी ते माझ्या केबिनच्या दारात आले आणि म्हणाले, 'सार, अंद फिक्स्चर...' म्हणजे, ते फिक्स्चर. वाक्य तिथेच राहिलं. कारण मी म्हणालो, 'कूलंट तपासा. मागच्या वेळी तेच होतं.' ते 'सरी सार' म्हणाले आणि गेले. 'सरी' म्हणजे बरं.

फिक्स्चर म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनमध्ये भाग पक्का धरून ठेवणारी पकड. त्या पकडीत भाग नेमका कुठे बसला पाहिजे हे एका पिनवर ठरतं. ती पिन झिजली होती. अण्णा तेच सांगायला आले होते. मी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतःचा उपाय केला. पातळ पत्र्याची एक पट्टी कापली आणि पिनेशी लावून भाग बसवू लागले. काम बिनबोभाट चालू झालं. तीन आठवडे.

मग अण्णा मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले. पट्टी त्यांच्या खणात राहिली. पुढच्या दोन शिफ्टना ती कुणी लावली नाही. भोकाचा व्यास गेजमध्ये अगदी बरोबर येत होता, पण भोकाची जागा सरकली होती. आणि जागा तपासायची पाळी आमच्याकडे दिवसातून एकदाच. सहाशेवर नग वाया गेले. त्यातले काही गिऱ्हाइकाच्या कारखान्यात पोचले आणि तिथली जुळणीची लाइन थांबली. ज्यांनी या धंद्यात काम केलंय त्यांना ठाऊक आहे, लाइन थांबणं म्हणजे काय. त्यानंतरचा फोन मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना बोलावलं. आवाज चढवून विचारलं, 'ही पिन झिजली होती हे कुणाला माहीत होतं?' सगळे गप्प. मग आमच्याकडचा एक तरुण इंजिनिअर, तिरुनेलवेलीकडचा मुलगा, अगदी शांतपणे म्हणाला, 'सार, सगळ्यांनाच माहीत होतं.'

मी म्हणालो, 'मग मला का सांगितलं नाही?'

तो म्हणाला, 'आम्ही येतो सार. पण आमचा प्रश्न पुरा व्हायच्या आधी तुमचं उत्तर येतं. मग आम्ही उत्तर घेऊन परत जातो आणि प्रश्न तसाच राहतो.'

तीन महिन्यांनी त्या मुलाने राजीनामा दिला. माझ्या हाताखालचा तो सर्वांत हुशार इंजिनिअर होता. निघताना कसलीही तक्रार केली नाही. हात मिळवला आणि गेला. तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं, असं आज वाटतं.

त्या दिवसांत मी लोकलच्या दारात उभा राहून विचार करत जायचो. आणि तिथेच एक साधी गोष्ट डोक्यात आली. मुंबईकरांना ती चटकन कळेल. लोकल स्टेशनातून सुटते तेव्हा कशी झपकन वेग घेते! आणि लांब पल्ल्याची एक्सप्रेस सुटते तेव्हा? कण्हत, कुंथत, हळूहळू. एक्सप्रेसचं इंजिन काही दुबळं नसतं. मग हा फरक का?

कारण एक्सप्रेस ओढायचं सगळं काम पुढचं एकटं इंजिन करतं. त्याची मोजकी चाकं रुळाला पकडून जेवढा जोर लावू शकतात तेवढाच जोर. मागचे वीस-बावीस डबे नुसते ओढले जातात. त्यांच्या चाकांवर ओझं आहे, पण जोर नाही. लोकलला वेगळं इंजिन नसतंच. मोटरी तिच्या डब्यांखाली वाटलेल्या असतात. मुंबईत अशी पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. मद्रासमध्ये १९३१ साली बीच ते तांबरम. म्हणजे ही युक्ती आपल्या डोळ्यांसमोर शंभर वर्षं धावतेय.

मी इंजिन होतो, मंडळी. आणि मला त्याचा अभिमान होता. माझ्यामागे सव्वाशे माणसं होती, त्यांच्यावर कामाचं ओझं होतं, आणि जोर लावायचा हक्क मी माझ्या एकट्याकडे ठेवला होता.

काही वर्षांनी हीच युक्ती माझ्या वाटेवरच्या त्या कारखान्याने मोठ्या प्रमाणावर करून दाखवली. म्हणून आज ती गोष्ट सांगायची आहे.

इंटिग्रल कोच फॅक्टरी, आयसीएफ. २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. सुरुवातीचं तंत्रज्ञान स्वित्झर्लंडच्या कंपनीचं. आपण लहानपणापासून ज्या निळ्या डब्यांतून प्रवास केला त्यातले बरेचसे इथले. वर्षाला हजारो डबे बनवणारा कारखाना, पण देशात दिमाखदार, वेगवान गाडी आणायची म्हटलं की चर्चा आयातीचीच व्हायची.

२०१६ साली सुधांशु मणी हे आयसीएफचे महाव्यवस्थापक झाले. मेकॅनिकल इंजिनिअर. त्यांनी ठरवलं, की स्वतंत्र इंजिन नसलेली, अर्धी-हायस्पीड गाडी इथेच, आपल्याच माणसांनी बनवायची. २०१७ साली मंजुरी मिळाली. जगात अशा गाडीच्या आरेखनाला आणि बांधणीला साधारण तीन वर्षं लागतात. यांनी सुमारे अठरा महिन्यांचं लक्ष्य धरलं आणि वर्षाच्या आकड्यावरून गाडीचं नाव पडलं 'ट्रेन १८'. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी ती बाहेर आली. सोळा डबे, खर्च साधारण १०० कोटी रुपये. डिसेंबरमध्ये कोटा ते सवाई माधोपूर पट्ट्यात चाचणीत तिने ताशी १८० किलोमीटरचा वेग गाठला. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्ली ते वाराणसी मार्गावर तिला हिरवा झेंडा मिळाला. तोवर तिचं नाव 'वंदे भारत' झालं होतं. आणि सुधांशु मणी? ते डिसेंबर २०१८ मध्ये निवृत्त झाले होते. गाडी पुढे गेली, नेणारा फलाटावर राहिला. कोचच्या मुक्कामाबद्दल मी काय म्हणालो होतो, आठवतंय ना?

आता त्या गाडीच्या पोटात डोकावूया. सोळा डब्यांपैकी आठ डब्यांखाली मोटरी आहेत. बरोबर निम्मे. म्हणून ती पटकन वेग घेते. दोन्ही टोकांना चालकाची केबिन आहे, म्हणून शेवटच्या स्टेशनात इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायचा वेळ लागत नाही. एखाद्या डब्याखालच्या मोटरीने दगा दिला तरी बाकीच्या गाडी पुढे नेतात.

पण एक गोष्ट नीट ऐका. मोटरी आठ डब्यांखाली असल्या तरी हुकूम एकाच केबिनमधून सुटतो. चालकाने लिव्हर पुढे केला की सगळ्या मोटरींना तोच संदेश एकाच वेळी जातो. प्रत्येक मोटर आपल्या मर्जीने पळाली तर डबे एकमेकांवर आदळतील. सहकार्य म्हणजे ज्याला जसं वाटेल तसं, असं नव्हे. दिशा एक, जोर अनेकांचा. नेत्याने दिशा आपल्या हातात ठेवावी आणि जोर वाटून द्यावा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नेमकं उलट होतं. दिशा कुणालाच ठाऊक नसते, आणि जोर मात्र साहेबांच्या एकट्याच्या सहीत असतो.

दुसरी गोष्ट अजून अवघड. भारतीय रेल्वेत मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल ही दोन खाती पिढ्यानपिढ्या वेगळी. डबा एका खात्याचा, वीज आणि मोटर दुसऱ्याची. आता डब्याखालीच मोटर बसवायची म्हटल्यावर ती गाडी कुणाची? हा हसण्याचा प्रश्न नाही. खात्यांची ही ओढाताण रेल्वेचं जुनं दुखणं आहे. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ वेगवेगळ्या सेवा एकत्र करण्याचा निर्णय घेतला, तो याच कारणाने. पण ट्रेन १८ बनवणाऱ्यांना त्या निर्णयाची वाट बघून चालणार नव्हतं. सांगाडा, बोगी, ब्रेक, मोटर, दरवाजे, आसनं, या सगळ्यांची माणसं एका टेबलावर आल्याशिवाय ती गाडी कागदावरूनही हलली नसती. त्यात बाहेरचेही होते. मोटरी चालवणारी यंत्रणा हैदराबादच्या मेधा कंपनीची. आरेखनात पोलंडच्या तज्ज्ञांचं साहाय्य. स्वदेशी म्हणजे सगळं स्वतःच करणं नव्हे. काय आपण करायचं आणि काय कुणाकडून शिकायचं, हे आपण ठरवणं.

आणि तिसरी गोष्ट, जी सत्काराच्या भाषणात कुणी सांगत नाही. हिरवा झेंडा मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे, वाराणसीहून दिल्लीला परतताना, ही गाडी टुंडल्याजवळ बंद पडली. बहुधा जनावर आडवं आल्याने, असं रेल्वेने सांगितलं. देशभर थट्टा झाली. पण १७ तारखेला ती पहिल्या प्रवाशांना घेऊन दिल्लीहून निघाली. वाटेत बंद पडलेली गाडी एका दिवसात पुन्हा उभी राहते, याचा अर्थ काय? तिच्या आसपास अशी माणसं होती ज्यांना ती आतून माहीत होती. आयात केलेल्या गाडीजवळ आपण हात बांधून उभे राहतो. बनवलेल्या गाडीखाली आपण आडवे होऊन शिरतो. माणसाला काम 'दिलं' की तो हात बांधून उभा राहतो. काम त्याच्याकडून 'घडलं' की तो आत शिरतो.

आज मुंबईहून सोलापूरला आणि शिर्डीला वंदे भारत जाते. फेब्रुवारी २०२३ पासून. तुमच्यापैकी अनेकांनी त्यातून प्रवास केला असेल. पुढच्या वेळी बसाल तेव्हा आठवा, मोटर कदाचित तुमच्याच पायांखाली आहे.

आता म्हणाल, सहकार्याचं कळलं, पण कोचिंगचं काय? सांगतो. त्यासाठी चेन्नईतच, महाबलीपुरमच्या रस्त्याने जाऊया.

२०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बुद्धिबळाचं ४४ वं ऑलिम्पियाड चेन्नईजवळ मामल्लपुरमला झालं. चेन्नई म्हणजे बुद्धिबळाची पंढरी. विश्वनाथन आनंदपासून गुकेश, प्रज्ञानंदपर्यंत. त्या वेळी भारताच्या महिलांच्या पहिल्या संघाचे मार्गदर्शक होते आपल्या पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. संघात कोनेरू हंपी, हरिका, वैशाली, तानिया सचदेव आणि गोव्याची भक्ती कुलकर्णी. हरिका तर गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत खेळत होती. शेवटच्या फेरीपर्यंत संघ सुवर्णाच्या दारात होता. शेवटच्या फेरीत अमेरिकेकडून ३-१ ने हार झाली. कांस्यपदक मिळालं. इतिहास घडला, पण ज्यांनी सोनं हाताशी आलेलं पाहिलं त्यांना कांस्य कसं लागलं असेल, विचार करा.

बुद्धिबळाच्या सांघिक सामन्यात एक नियम आहे, जो प्रत्येक साहेबाने टेबलावर लिहून ठेवावा. डाव सुरू असताना कर्णधाराने पटावरच्या स्थितीबद्दल खेळाडूला एक अक्षरही सांगायचं नाही. बरोबरी मागावी किंवा स्वीकारावी का, अशा बाबतींतच थोडका सल्ला तो देऊ शकतो. बस. हातातला मोहरा चुकीच्या घरात जाताना दिसतोय, तरी गप्प उभं राहायचं. म्हणजे कोचचं सगळं काम डावाच्या आधी आणि डावाच्या नंतर. आधी तयारी. नंतर हरलेल्या माणसाजवळ बसणं.

दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२४. ४५ वं ऑलिम्पियाड बुडापेस्टला. तेच कुंटे महिला संघाचे कर्णधार. संघात नागपूरची दिव्या देशमुख. आठव्या फेरीत पोलंडकडून हार, नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी. पुन्हा तेच होणार, असं बघणाऱ्यांना वाटलं. पण शेवटच्या दोन फेऱ्यांत त्यांनी चीनला आणि अझरबैजानला हरवलं, आणि सुवर्ण. पुरुषांच्या संघालाही सुवर्ण, त्यात आपला नाशिकचा विदित गुजराथी. 'कोच' हा शब्द जिथून निघाला त्या देशात जाऊन हे घडलं, हा योगायोग मला फार आवडतो.

डाव सुरू असताना गप्प राहणं. मी त्यापासूनच सुरुवात केली होती, आणि सांगतो, ते फार जड गेलं.

त्या राजीनाम्यानंतर मी ठरवलं, कुणी अडचण घेऊन आलं की उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा. पहिल्या आठवड्यात काय झालं माहीत आहे? लोक घाबरले. त्यांना वाटलं, साहेब परीक्षा घेतायत. अण्णांना तर वाटलं, त्यांना काढून टाकायची तयारी चाललीय. मी विचारायचो, 'तुम्हाला काय वाटतं?' उत्तर यायचं, 'तुम्ही सांगाल तसं, सार.' वर्षानुवर्षं मीच तर त्यांना हे उत्तर शिकवलं होतं.

मग एक लक्षात आलं. मी प्रश्न विचारत होतो, पण माझ्या केबिनमध्ये, माझ्या खुर्चीत बसून. तिथे माझा प्रश्नही हुकुमासारखाच ऐकू यायचा. मी केबिन सोडली. रोज अर्धा तास एका मशीनपाशी उभा राहू लागलो. अण्णांच्या मशीनपाशी गेलो, आणि पहिल्यांदा माफी मागितली. त्यांच्या भाषेत, अशुद्ध तमिळमध्ये. म्हटलं, 'त्या दिवशी तुम्ही फिक्स्चरचं सांगत होता. आता सांगा.' ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग हातातलं फडकं बाजूला ठेवून त्यांनी ती पट्टी खणातून काढून माझ्या हातात दिली.

तरीही ते मोकळं बोलायला लागेपर्यंत चार महिने गेले. हे मुद्दाम सांगतो, कारण एका कार्यशाळेत हे जमतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. विश्वास मोडायला दहा सेकंद लागतात, जोडायला चार महिने.

चार महिन्यांनी अण्णा म्हणाले, 'पिन झिजल्यावर का बदलायची? झिजायच्या आधीच बदलू. नग मोजू आणि ठरावीक आकडा झाला की नवी पिन.' इतकं साधं! त्यांनी आणि मेंटेनन्सच्या माणसाने मिळून तो आकडा ठरवला. मशीनवर फळा लावला. रात्रपाळीच्या मुलाने त्यात सुधारणा केली, की काढलेली पिन फेकायची नाही, शेजारी टांगून ठेवायची, म्हणजे झीज सगळ्यांना दिसेल. मी काय केलं? नव्या पिनांच्या खरेदीवर सही केली. एवढंच.

पुढे गिऱ्हाइकाचे लोक तपासणीला आले. हेच ते, ज्यांची लाइन थांबली होती. एरवी अशा वेळी मी स्लाइड दाखवायचो. त्या दिवशी मी अण्णांना पुढे केलं. ते तमिळमध्ये सांगत गेले आणि मी शेजारी उभा राहून इंग्रजी करत गेलो. मध्ये दोनदा त्यांनी मला थांबवलं, 'सार, मी असं नाही म्हणालो.' सगळे हसले. मी दुरुस्त केलं. माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला दिवस होता. त्या दिवशी मी साहेब नव्हतो, दुभाषी होतो.

आता तुम्हाला हाताशी काही देतो. चार गोष्टी. सगळ्या मी स्वतः करून पाहिल्या आहेत.

पहिली. समोरच्याचं वाक्य संपू द्या, आणि संपल्यावर मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा खरी गोष्ट सहाव्या-सातव्या आकड्याला येते. पहिलं वाक्य माणूस घाबरत बोलतो, दुसरं खरं बोलतो.

दुसरी. तीन प्रश्न पाठ करा. 'नेमकं काय होतंय?' 'तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिलं?' 'माझ्याकडून काय हवंय?' तिसरा प्रश्न विसरू नका. नाहीतर कोचिंगच्या नावाखाली आपण माणसाला एकटं पाडतो. कधी त्याला फक्त एक सही हवी असते.

तिसरी. बैठकीत सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्या. हे मी लष्कराकडून घेतलं. लष्करी न्यायालयात मत देताना सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून सुरुवात होते, म्हणजे वरिष्ठांचं मत ऐकून कुणी आपलं मत फिरवू नये. साहेब आधी बोलला की बैठक संपते, उरतो तो चहा.

चौथी. श्रेय देताना नाव घ्या, आणि त्या माणसाच्या समोर घ्या. 'आमच्या टीमने केलं' हे वाक्य नम्र वाटतं, पण त्यात अण्णा कुठेच दिसत नाहीत.

आणि आता एक इशारा. कोचिंग सगळीकडे चालत नाही. मशीनमध्ये कुणाचा हात जातोय, तेव्हा 'तुम्हाला काय वाटतं?' विचारायचं नसतं. ओरडून बटण दाबायचं असतं. कालच रुजू झालेल्या मुलाला त्याचं मत विचारून गोंधळात टाकू नका. आधी काम हाताला धरून शिकवा, मत नंतर येतं. आणि जो निर्णय तुम्ही आधीच घेतलाय, त्यावर लोकांचं मत मागायचं नाटक तर कधीच करू नका. लोकांना ते पहिल्या मिनिटात कळतं, आणि मग पुढच्या खऱ्या प्रश्नालाही उत्तर मिळत नाही.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात. 'सर, सगळ्यांना सगळं करता यायला लागलं, तर आपली गरज काय उरणार?' ही भीती खरी आहे. मलाही होती. मोबाइल वाजायचा कमी झाला तेव्हा पहिले काही दिवस मी तो पुन्हा पुन्हा बघायचो, बंद तर पडला नाही ना. मग त्या रिकाम्या वेळात मी पहिल्यांदा पुढच्या वर्षाचा विचार केला. केबिनमधल्या चालकाचं काम तेच असतं. त्याने पुढचा सिग्नल बघायचा असतो.

तो तिरुनेलवेलीचा मुलगा परत आला नाही. काही वर्षांनी एका प्रदर्शनात भेटला. आता त्याच्या हाताखाली माझ्याहून जास्त माणसं आहेत. मी त्याला पिनेच्या फळ्याची गोष्ट सांगितली. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली, मध्ये एकदाही बोलला नाही. मग म्हणाला, 'सार, आता अण्णा बोलतात का?' मी म्हटलं, 'आता थांबत नाहीत.'

सोमवारी कामावर जाल तेव्हा एवढंच करा. जो माणूस सर्वांत कमी बोलतो त्याच्या जागेवर जा. त्याला तुमच्याकडे बोलावू नका, तुम्ही जा. विचारा, 'इथे असं काय आहे, जे सगळ्यांना माहीत आहे आणि मला नाही?' आणि मग दहापर्यंत मोजा.

कदाचित त्याच्याही खणात एक पट्टी असेल.